ज्याचे त्याचे पथ्य

प्रस्तावना

‘दूध मला मानवत नाही’, ‘हरभऱ्याची डाळ त्यांना बाधते’, ‘कितीही खाल्ले तरी त्याच्या अंगी लागत नाही’ – अशी वाक्ये मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात. या वाक्यांची रचना लक्षपूर्वक पाहा. त्यांत ठळकपणे पुढे येतो तो खाद्यपदार्थ. खाणारा माणूस ‘मला’, ‘त्यांना’ अशा रूपांत त्याच्या मागे उभा असतो. तो पदार्थ मुळात चांगला की वाईट, याविषयी बोलणारा काहीच म्हणत नाही. तो कोणाला कसा लागू पडला, एवढेच तो सांगतो. मानवणे, सोसणे, बाधणे, पचनी पडणे, अंगी लागणे ही क्रियापदे भाषेत रुजली, कारण एका पंगतीत बसून एकच अन्न खाणाऱ्यांची शरीरे वेगवेगळी वागतात, हे लोकांनी पाहिले होते. आयुर्वेदानेही मंद, तीक्ष्ण, विषम आणि सम असे अग्नीचे चार प्रकार मानले आणि प्रत्येकाचा आहार निराळा सांगितला.

आधुनिक विज्ञानाने या अनुभवामागची काही कारणे शोधून काढली आहेत. काही ठिकाणी मात्र त्याला अजून वाट सापडलेली नाही. त्याच वेळी बाजारात ‘तुमच्या प्रकृतीनुसार आहार’ आणि ‘सर्वांसाठी शक्तिवर्धक’ अशा दोन्ही प्रकारच्या जाहिराती शेजारी शेजारी दिसतात. त्यांपैकी कशावर किती विश्वास ठेवावा, हे ठरवण्यासाठी प्रस्तुत पाठ उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• चयापचयातील व्यक्तिभेद म्हणजे काय, हे उदाहरणे देऊन सांगू शकाल;
• एकसारख्या दिसणाऱ्या लक्षणांमागे निरनिराळी कारणे कशी असतात, हे स्पष्ट करू शकाल;
• पूरक गोळ्यांविषयीचे दावे तपासून पाहू शकाल.

मूळ पाठ

रासायनिक व्यक्तित्व

आपण जे खातो ते शरीरात जसेच्या तसे राहत नाही. अन्नाचे सूक्ष्म घटकांत विघटन होते, त्या घटकांपासून शरीर नवे पदार्थ घडवते, ऊर्जा मिळवते आणि उरलेले बाहेर टाकते. या अखंड चालणाऱ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. तिचे कामकाज विकरे नावाची प्रथिने चालवतात. कोणते विकर किती आणि कसे तयार व्हावे, याची आज्ञा आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत असते.

इंग्लंडमधील वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये एका विचित्र विकारावर निबंध लिहिला. त्या विकारात मूत्र हवेत राहिले की काळे पडते. या रुग्णांचे आईवडील पुष्कळदा एकमेकांची चुलत वा मावस भावंडे असतात, हे गॅरॉड यांच्या ध्यानात आले. हा विकार जंतूंमुळे होत नसून जन्मतःच चयापचयातील एक दुवा तुटलेला असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चेहऱ्याप्रमाणे शरीराचे रसायनही प्रत्येकाचे आपले असते, हा विचार त्यांनी मांडला. काळाच्या मानाने तो फार पुढचा होता आणि बराच काळ त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

या विचाराचे व्यवहारातील मोल पुढे फेनिलकीटोनुरिया या आजारात दिसून आले. १९३४ मध्ये नॉर्वेतील आस्बयर्न फोलिंग यांच्याकडे एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आली. मुलांच्या अंगाला येणारा चमत्कारिक वास तिला अस्वस्थ करत होता. फोलिंग यांनी मुलांचे मूत्र तपासले. फेनिलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतील एक घटक या मुलांच्या शरीरात मोडला जात नाही आणि साठून राहतो, असे त्यांतून पुढे उलगडले. हाच साठा वाढत्या मेंदूला इजा करतो. म्हणजे दूध, डाळ, अंडी, मांस हे जे अन्न इतर बालकांना वाढवते, तेच या बालकांना घातक ठरते. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक अत्यल्प असलेला आहार देऊन पाहिला व त्याचा गुण दिसला. १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करण्याची सोपी चाचणी काढली. वेळेवर निदान झालेले आणि पथ्य पाळणारे मूल आज शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकते. कृत्रिम गोडी वापरलेल्या काही पेयांच्या बाटल्यांवर या रुग्णांसाठी बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते. ती कोणासाठी आणि का आहे, हे वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

दुधाची गोष्ट

फेनिलकीटोनुरिया दुर्मीळ आहे. दुधाचे तसे नाही. दुधातील साखर पचवण्यासाठी लॅक्टेज हे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर जगातील बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. मोठेपणी दूध सहज पचवू शकणारे लोक जगात सुमारे एकतृतीयांश आहेत. दुभती जनावरे पाळणाऱ्या समाजांत हे विकर आयुष्यभर टिकवून ठेवणारा जनुकीय बदल पसरला. भारतातील दूध पचवणाऱ्या बहुतेकांमध्ये आढळणारा बदल आणि युरोपातील बदल एकच आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. वायव्य भारतात त्याचे प्रमाण अधिक आहे, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ते उतरत जाते.

त्यामुळे पेलाभर दूध प्यायल्यावर पोट गुबारणारा माणूस नाजूक नसतो की आजारीही नसतो. जगाच्या हिशेबात तो बहुसंख्यांपैकी एक असतो. त्याने दुग्धजन्य पदार्थ सर्वस्वी सोडावेत असेही नाही. दह्याच्या विरजणातील जीवाणू ही साखर काही अंशी आधीच पचवून ठेवतात. म्हणूनच दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही आणि ताक चालते. अशा अनेकांना जेवणाबरोबर घेतलेले थोडे दूधही त्रास देत नाही. मुलाला दूध आवडत नाही म्हणून रागावणाऱ्या घरांनी तरी एवढे जाणून घ्यावे.

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा: १. चयापचयाचे कामकाज ______ नावाची प्रथिने चालवतात. २. लॅक्टेज हे ______ साखर पचवणारे विकर आहे.
(आ) चूक की बरोबर ते सांगा: मोठेपणी दूध न पचणे हे आजाराचे लक्षण आहे.

चार फिकट चेहरे

आता एक कल्पना करा. आरोग्य केंद्राच्या बाकावर चार स्त्रिया बसल्या आहेत. चौघींचे चेहरे फिकट आहेत, चौघींना जिना चढताना दम लागतो. चौघींच्याही शेजारणींनी त्यांना औषधांच्या दुकानातून एकच ‘रक्तवाढीची’ बाटली आणण्याचा सल्ला दिला आहे. तो सल्ला चौघींनाही लागू पडेल का?

पहिलीच्या शरीरात लोह कमी आहे. भारतात रक्तक्षयाचे हे अगदी सर्रास आढळणारे कारण आहे. लोहाच्या गोळ्यांनी तिला गुण येईल. गोळीबरोबर लिंबू वा आवळा घेतला, तर लोह अधिक शोषले जाईल. गोळीच्या किंवा जेवणाच्या मागोमाग चहा घेतला, तर कमी.

दुसरीच्या कहाणीची मुळे जुन्या मुंबईत आहेत. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधिका मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी गंभीर स्वरूपाचा रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. विल्स यांनी प्रथम जंतूंचा शोध घेतला आणि मग या स्त्रियांच्या जेवणाकडे मोर्चा वळवला. त्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध यांची वाण होती. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टपासून बनवलेल्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातील गुणकारी घटक तेव्हा अज्ञात होता. १९४१ मध्ये अमेरिकेत तब्बल चार टन पालकापासून तो वेगळा काढण्यात आला. ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. हे नाव देणाऱ्या गटातील एक शास्त्रज्ञ रॉजर विल्यम्स यांनी पुढे १९५६ मध्ये ‘बायोकेमिकल इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’ या नावाचा ग्रंथ लिहून गॅरॉड यांचा विचार पुन्हा चर्चेत आणला.

विल्स यांच्या कामातील एक बारकावा या पाठाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तेव्हा घातक रक्तक्षय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारावर यकृताचा अर्क देत असत. त्या आजारातही पेशी मोठ्याच दिसत. पण यकृताच्या शुद्ध केलेल्या अर्काने ते रुग्ण सुधारत, आणि विल्स यांच्या रुग्ण स्त्रिया मात्र सुधारत नसत. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे हे दोन रक्तक्षय मुळात वेगळ्या उणिवांचे होते. यकृताच्या अर्कातील घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये शुद्ध रूपात हाती आले.

तिसऱ्या स्त्रीला कमी आहे ते हेच ब-१२. ते वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. तिच्या ताटात यांपैकी काही नसेल, तर कारण स्पष्ट आहे. परंतु ती मासे खात असूनही हे जीवनसत्त्व कमी असू शकते. ते शोषले जाण्यासाठी जठरात एक विशिष्ट प्रथिन तयार व्हावे लागते आणि काहींच्या जठरात ते तयारच होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही ब-१२ चे शोषण घटते. या स्त्रीने केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या तर काय होईल? रक्ताचे चित्र सुधारेल, चेहऱ्यावर तजेला येईल आणि सर्वांना वाटेल की दुखणे गेले. आत मात्र मज्जातंतूंची झीज चालूच राहील. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे सावकाश येतात. उपचाराला फार उशीर झाला, तर ती पूर्णपणे जात नाहीत.

चौथीच्या रक्तात लोह पुरेसे आहे. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक आहे. भारतात दर शंभर माणसांत सुमारे तीन ते चार जण असे वाहक असतात. सिंधी आणि काही गुजराती समाजांत हे प्रमाण त्याहून अधिक आढळते. वाहकाच्या तांबड्या पेशी जन्मापासून लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडे कमी असते. म्हणून साध्या तपासणीत तिचे रक्त पहिलीसारखेच दिसते. लोहाच्या गोळ्यांनी तिचे हिमोग्लोबिन वाढणार नाही. गरज नसताना वर्षानुवर्षे घेतलेले लोह शरीरात साचत जाते, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात जवळजवळ नाही. तिला गोळीहून अधिक गरज आहे ती तपासणीची. पतीही वाहक असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते.

चारही चेहऱ्यांचा रंग एकच होता. बाटलीही एकच सुचवली गेली होती. तिचा खरा उपयोग एकीलाच झाला असता. तिसरीचे त्या बाटलीत फोलिक आम्ल असते तर नुकसानच होण्याचा संभव होता.

पाठगत प्रश्न २
(अ) जोड्या लावा: १. फोलिक आम्ल – (क) प्राणिजन्य अन्न, २. ब-१२ – (ख) पालेभाज्या.
(आ) चौथ्या स्त्रीला लोहाच्या गोळ्यांचा उपयोग का होणार नाही, ते एका वाक्यात लिहा.

पुण्याजवळची सहा गावे

तिसऱ्या स्त्रीची समस्या एखाद्या घरापुरती नाही. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गरोदरपणापूर्वीपासून त्यांची उंची, वजन, आहार, श्रम यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांना झालेल्या मुलांचा मागोवा पुढे वर्षानुवर्षे घेतला गेला. ग्रामीण भागात इतक्या चिकाटीने चाललेले असे अभ्यास जगात फार थोडे आहेत.

या बालकांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे वजन ३.५ किलो होते. पुण्याकडची बालके सगळ्याच मापांत सारख्या प्रमाणात लहान असतील, असे कोणालाही वाटेल. तसे आढळले नाही. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड आणि आतून मेदयुक्त अशी ही घडण होती. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची सुरुवात ही अशी पाळण्यापूर्वीच होत असावी, असा विचार या अभ्यासाने पुढे आणला.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन आणि ते स्वतः अशा दोघांचे छायाचित्र तिथे छापले होते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. कागदावर दोघे जुळे भाऊ शोभावेत! प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. भारतीयांच्या बाबतीत हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे, असे आता सांगितले जाते, तर जगात सर्वसाधारणपणे ही मर्यादा २५ मानतात. त्यामागे असेच निष्कर्ष आहेत.

याच गावांतून २००८ मध्ये आणखी एक निष्कर्ष पुढे आला. अभ्यासातील दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. फोलिक आम्ल कमी असलेली माता मात्र जवळजवळ एकही नव्हती. ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फोलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हा दोन गोष्टींमधील संबंध आहे. एकीमुळेच दुसरी घडली, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरीही विचार करायला लावणारी ही बाब आहे. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांना फोलिक आम्लाची उणीव होती. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या आणि सत्तर वर्षांनंतरच्या या स्त्रियांना ती नव्हती. त्यांची उणीव निराळी होती.

याचा अर्थ गरोदरपणी फोलिक आम्ल घेऊ नये, असा मुळीच नाही. गर्भाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष त्याने टळतात, हे १९९१ मध्ये निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. लोह आणि फोलिक आम्लाच्या ज्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून गरोदर स्त्रियांना मिळतात, त्या घेतल्याच पाहिजेत. प्रश्न आहे तो त्यांच्या जोडीला ब-१२ ची उणीव आहे का, हे पाहण्याचा. २०१२ पासून याच अभ्यासातील तरुण पिढीला रोज सुमारे २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन त्याचा परिणाम तपासण्याचे काम सुरू झाले. ही मात्रा दैनंदिन गरजेइतकी आहे. बाजारातील अनेक गोळ्यांत याच्या शेकडो पट ब-१२ असते, ही तुलना ज्याची त्याने करून पाहावी.

सरासरी माणूस

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीयांच्या पोषणगरजांचे कोष्टक सुधारून प्रसिद्ध केले. त्यात ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी दिवसाला १६६० उष्मांक आणि जड श्रमांसाठी २७२० उष्मांक लागतात, असे दिले आहे. म्हणजे शिवणयंत्रावर बसणारी आणि विटा वाहणारी या दोन बहिणींच्या गरजेत हजारावर उष्मांकांचा फरक पडतो. जनुके, विकरे यांचा विचार करण्यापूर्वी श्रम, वय, गरोदरपण, आजार हे ढोबळ फरक पाहिले पाहिजेत. पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो.

कोष्टकातील आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. प्रथिनांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही शिफारस आहे. निम्म्या निरोगी माणसांचे काम ०.६६ ग्रॅममध्येच भागते. परंतु आपण त्या निम्म्यांत आहोत की नाही, हे कोणालाच माहीत नसते. म्हणून जवळजवळ सर्वांना पुरेल असा वरचा आकडा धरलेला आहे. त्याच्याही दुप्पट-तिप्पट प्रथिने भुकटीच्या रूपात घेण्याचा आग्रह धरणाऱ्या व्यायामशाळांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

जनुकांवरून जेवण?

व्यक्तिभेद खरा आहे, तर मग प्रत्येकाची जनुके तपासून त्याचे ताट आखून द्यावे, असे सहज मनात येते. या कल्पनेची रीतसर परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ स्थूल प्रौढांना दोन गटांत विभागले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पीठ-साखर कमी केली. वर्षभरानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले; हा फरक नगण्य होता. प्रत्येक गटात काहींचे वजन वीस किलोंहून अधिक घटले, तर काहींचे उलट वाढले. इथपर्यंत व्यक्तिभेद लखलखीत दिसतो. पण कोणाला कोणता आहार लागू पडेल, हे आधी तपासलेल्या जनुकांवरून किंवा इन्सुलिनवरून सांगता आले नाही. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तगटानुसार आहार हे तर त्याहून कच्चे प्रकरण. टोरांटो येथे २०१४ मध्ये त्याची छाननी झाली. त्या आहारांनी काहींना फायदा झाला, पण तो त्यांचा रक्तगट कोणताही असला तरी होत होता.

दुसऱ्या बाजूने इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २०१५ मध्ये ८०० जणांच्या रक्तातील साखर आठवडाभर सतत मोजली गेली. सेहेचाळीस हजारांहून अधिक जेवणांच्या नोंदी झाल्या. तोच पाव एकाची साखर भरकन चढवतो आणि दुसऱ्याची फारशी हलवत नाही, असे त्यात दिसले. आतड्यांतील जीवाणू, झोप, व्यायाम, आधीचे जेवण अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा होता. सर्व जनुके समान असलेल्या जुळ्या भावंडांतही असे फरक आढळतात, हे २०२० मधील एका अभ्यासाने दाखवले. केवळ गालाच्या आतली लाळ पाठवून वर्षभराचा आहार ठरवून मिळेल, असे म्हणणाऱ्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

गोळी घेण्यापूर्वी

पूरक गोळी हे अन्न नव्हे, तसे निरुपद्रवी टॉनिकही नव्हे. ड जीवनसत्त्वाची प्रौढांची दैनंदिन गरज ६०० एकके आहे. औषध दुकानात मिळणारी पुडी ६०,००० एककांची असते आणि ती डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवड्यांपुरती लिहून देतात. तीच पुडी रोज घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही.

औषधे चालू असतील तर आणखी जपावे लागते. थायरॉईडची गोळी लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर पुरती शोषली जात नाही. दोहोंत साधारण चार तासांचे अंतर ठेवतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी एकाएकी सोडू नये आणि एकाएकी भरमसाट वाढवूही नये, कारण त्या भाज्यांतील क जीवनसत्त्व नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या आजारात शहाळ्याचे पाणीही घातक ठरू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. एखादा पदार्थ बाधतो अशी शंका असल्यास तो एकच पदार्थ दोन आठवडे वगळावा, बाकी जेवण नेहमीचे ठेवावे, पोटाची, झोपेची आणि थकव्याची रोज दोन ओळींत नोंद करावी आणि मग तो पदार्थ पुन्हा घेऊन पाहावा. एकदम पाच पदार्थ सोडले तर कशाने काय झाले, ते कळत नाही. ही वही आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, तपासणीच्या वेळी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत. फिकट चेहऱ्याने बाकावर बसलेल्या तिसऱ्या स्त्रीचे निदान पुष्कळदा अशा पिशवीतल्या मेटफॉर्मिनच्या पाकिटावरून सुरू होते.

शब्दार्थ

चयापचय – शरीरात अन्नाचे विघटन व नवघडण होण्याची क्रिया
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
वाण असणे – उणीव असणे, तुटवडा असणे
मागोवा घेणे – पाठपुरावा करून माहिती मिळवणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
वाहक – स्वतःला गंभीर आजार नसताना त्याचे जनुक पुढच्या पिढीकडे नेणारी व्यक्ती

पाठान्त प्रश्न

१. ‘मानवणे’, ‘बाधणे’, ‘अंगी लागणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा. तुमच्या परिसरातील दुसऱ्या भाषेत हाच अर्थ कसा व्यक्त करतात, ते विचारून लिहा.
२. चार फिकट चेहऱ्यांच्या उदाहरणातील तिसऱ्या स्त्रीला केवळ फोलिक आम्ल देणे धोक्याचे का ठरेल, ते स्पष्ट करा.
३. याज्ञिक आणि युडकिन यांच्या उदाहरणावरून शरीरभार निर्देशांकाची मर्यादा समजावून सांगा.
४. ‘दोन गोष्टींमधील संबंध’ आणि ‘एकीमुळे दुसरी घडणे’ यांतील फरक पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.
५. उपक्रम: पूरक गोळ्यांच्या एखाद्या बाटलीवरील मजकूर वाचा. त्यातील प्रत्येक घटकाची मात्रा आरोग्य सेविकेला किंवा औषध विक्रेत्याला विचारून दैनंदिन गरजेशी ताडून पाहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ – (अ) १. विकरे, २. दुधातील, (आ) चूक.
पाठगत प्रश्न २ – (अ) १–ख, २–क. (आ) तिच्या शरीरात लोह पुरेसे आहे, तांबड्या पेशी जन्मतःच लहान आहेत.